गयाआत्या आणि सीताफळाची चार पाकिटं

आमच्या युसूफ वडगावात गयाआत्याच्या वयाच्या बायकांच्या कमरेला चंची असते आणि चंचीत पान, सुपारी, चुना, कात, कुणाकुणाची तंबाखू असते. गयाआत्याच्या चंचीत थर्मामीटर असतो. अंगातला ताप मोजायचा नव्हे. वीतभर लांब, टोकदार, खाण्यात खुपसून आकडा बघायचा.

लग्नाच्या पंगतीत वाढपी वरणाची बादली घेऊन आला की ती त्याला हाताने थांबवते, चंची सोडते, थर्मामीटर वरणात बुडवते, डोळे बारीक करून आकडा वाचते आणि मग म्हणते, "वाढ." आकडा पसंत पडला नाही तर बादली परत चुलीवर जाते. माझ्या पुतणीच्या लग्नात व्याह्यांनी हे पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई सरकारी तपासणीवाल्या आहेत का?" व्याह्यांवर जरा वजन पडावं म्हणून मी "हो" म्हणालो. त्यांनी लगेच बासुंदीचं पातेलं मागच्या खोलीत हलवलं आणि बाहेरून कडी घातली. त्या लग्नात मी वधूचा सख्खा काका असून मला बासुंदी मिळाली नाही.

गयाआत्या माझी किंवा कुणाचीच सख्खी आत्या नाही. माझ्या घरामागच्या गल्लीत एकटी राहते. तीस वर्षं तिने परभणीला कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. लागली तेव्हा काचेची भांडी घासायला लागली, निवृत्त झाली तेव्हा दाबाचं मशीन चालवत होती. लहान बाळांचं खाणं न तापवता कसं टिकवायचं, याच्यावर तिथे काम चालायचं. डॉक्टरेट मॅडम लोकांनी केल्या, मशीनचा खटका आत्याने दाबला. गावी आली ती दोन फ्रिज घेऊन. एकात तिचं दूध, भाजी, मिरच्या. दुसऱ्यात नुसती पाकिटं, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. सीताफळाच्या हंगामात जुन्या मॅडम तिला अजून बोलावून घेतात आणि येताना ती गराची काही पाकिटं बर्फाच्या डब्यात घालून नजरेखाली ठेवायला घेऊन येते. रोज सकाळी ती पाकिटांच्या पोटावरून दोन बोटं फिरवते. फुगलं नाही ना, रंग उतरला नाही ना, ते बघते आणि वहीत लिहिते.

माझं सांगायचं तर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञानाचा शिक्षक होतो. सूक्ष्मजीवांचा धडा मला तोंडपाठ आहे. सूक्ष्मजीव मात्र मी कधी पाहिले नाहीत. शाळेत सूक्ष्मदर्शक होता, पण तो कपाटात होता, कपाटाची किल्ली हेडमास्तरांकडे होती आणि ते किल्लीसकट बदलून गेले. एवढ्या भांडवलावर मी गावात शास्त्रज्ञ म्हणून वावरत होतो. आत्या परत आली तेव्हा मला थोडा राग आला, हे कबूल करायला हवं.

तिचं पेटंट वाक्य म्हणजे, "कावून जाळायलाव?" म्हणजे कशाला जाळताय? कुणी काही उकळत दिसलं की ती हे विचारणार. विशेषतः सीताफळाच्या बाबतीत. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं आमच्याकडे पाटीनं येतात आणि चार दिवसांत मऊ पडून जातात. मी एकदा ठरवलं, याचा जॅम करायचा आणि आत्याला दाखवून द्यायचं. गर काढला, साखर घातली, तासभर ढवळलं. आत्या कुंपणावरून बघत होती.

"मास्तर, कावून जाळायलाव? सीताफळाला ताप सोसत न्हाई. कडू हुतंय."

"आत्या, साखर घातलीय."

"घाला की. कडू साखर हुईल."

तसंच झालं. बाहेरून तपकिरी, आतून कारल्यासारखा. बायको म्हणाली टाकून द्या, पण मी इरेला पेटलो होतो. चार दिवस पोळीला लावून खाल्ला, तोही मागच्या दारात बसून, आत्याला दिसेल असा. तिने फक्त विचारलं, "पोट कसं हाय?"

मग एके दिवशी मीच शरण गेलो. म्हटलं, न तापवता जंतू मरतातच कसे? ती म्हणाली, रीती लई हायत. कुणी विजेचे झटके देतंय, कुणी जांभळा उजेड मारतंय, आमी दाबतो. पाकीट सीलबंद करायचं, पाण्यानं भरलेल्या जाड पोलादी नळकांड्यात सोडायचं आणि ते पाणी असं दाबायचं, असं दाबायचं की जंतूचं आतलं सगळं मोडतं. चव तशीच, रंग तसाच, सत्त्व तसंच.

"मग पाकीट चेंगरत नाही?"

तिने प्लास्टिकची बाटली काठोकाठ पाण्याने भरली, आत एक द्राक्ष टाकलं, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिली. "दाबा. द्राक्ष फोडून दावा."

मी दाबली. द्राक्ष जसंच्या तसं. दोन्ही हातांनी दाबली. मग मांड्यांत धरून दाबली.

"सगळीकून सारखं दाबलं की काय फुटत न्हाई," आत्या म्हणाली. तेवढ्यात बाटलीचं झाकण उडालं. द्राक्ष फुटलं नाही, पण मी मानेपासून मांडीपर्यंत भिजलो. तशा अवस्थेत गल्लीतून घरी येताना माझे दोन माजी विद्यार्थी भेटले. त्यांनी नमस्कार केला आणि काही विचारलं नाही. चांगले संस्कार.

त्या दिवसापासून मला वाटू लागलं की हे शास्त्र आता मलाही कळलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

दिवाळी झाली आणि आत्याच्या गल्लीची विजेची डीपी जळली. नवी बसायला तीन-चार दिवस लागणार होते. आमची गल्ली दुसऱ्या डीपीवर, म्हणून आत्या दुसऱ्या फ्रिजमधली पाकिटं टोपलीत घालून, वर ओलं फडकं टाकून आमच्याकडे घेऊन आली. माझ्या बायकोने, कुसुमने, आमच्या फ्रिजचे दोन कप्पे रिकामे करून दिले. आत्याने थर्मामीटर आत ठेवून खात्री केली आणि म्हणाली, "ही खायची न्हाईत. तपासायची हायत. दार बी सारखं उघडू नका."

रविवारी सकाळी अश्विनी आली. बंडूची बायको. बंडू माझाच विद्यार्थी. दोघं दरवर्षी ऊसतोडीला जातात. यंदा लांब कोल्हापूर-सांगलीकडे न जाता गेवराईकडे गोदावरीच्या काठच्या उसावर जाणार होते. ट्रॅक्टर पाराजवळ उभा होता, त्यात भांडी, बाजली, शेळी, सासू सगळं चढलेलं. अश्विनीच्या काखेत सात महिन्यांची ईश्वरी होती. कुसुमने त्यांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. अश्विनी सहज म्हणाली, "काकू, पोरीला आता वरचं खायाला घालायचं म्हणत्यात. तिकडं रानात काय घालावं, काय कळंना."

कुसुम काही बोलायच्या आत माझ्यातला शास्त्रज्ञ उठला. मी फ्रिज उघडला. चार पाकिटं काढली. पिवळसर पांढरा, मऊ, सुंदर गर. म्हटलं, "हे घे. सीताफळ आहे, खास बाळांसाठी. न तापवता केलेलं. यात जंतूच नाहीत. महिनाभर काही होत नाही."

"खरंच का सर?"

"अगं, मी विज्ञानाचा शिक्षक आहे."

तिने पाकिटं दोन्ही हातांनी घेतली आणि माझ्या पाया पडली. ट्रॅक्टर गेला. मी दिवसभर प्रसन्न होतो.

मंगळवारी सकाळी वीज आली आणि आत्या टोपली घेऊन आली. पाकिटं काढता काढता तिचा हात थांबला.

"चार कमी हायत."

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. ती उभी होती ती उंबऱ्यावर बसली. रागावली नाही. फक्त विचारत गेली. कधी दिली? कितव्या वाजता? बर्फ दिला होता का? ट्रॅक्टर उन्हात होता का? प्रत्येक उत्तराला ती बोटाचं एक पेर मोजत होती.

"मास्तर, दाबानं जंतू मरत्यात. त्यांचं बीज न्हाई मरत. थंडीत ते निजून राहतं. उबेत जागं हुतं. पाकिटात हवा न्हाई, त्याला तेच पायजे. वास येत न्हाई, चव बदलत न्हाई. आन् सात महिन्याच्या लेकराला त्याचं जहर चढलं तर मान ढिली पडती, श्वास अडतो."

महिनाभर काही होत नाही, हे तिचंच वाक्य होतं. फ्रिजमध्ये, हा त्यातला पहिला शब्द मी ऐकलाच नव्हता. धडा शिकवतानाही मी कंसातला मजकूर नेहमी गाळायचो.

बंडूचा फोन बंद लागत होता. त्यांच्या टोळीच्या मुकादमाला लावला. तो म्हणाला, "पाकिटं? मास्तर, हितं मानसं हुडकायला टाईम न्हाई, पाकिटं कुठं हुडकू?" पण टोळी कुठे उतरलीय तेवढं त्याने सांगितलं. आत्याने बर्फाचा डबा उचलला. मी चपला घातल्या. कुसुमने आत्याला भाकरी बांधून दिली, मला दिली नाही. ती फारच चिडली की असं करते.

केजवरून बीड, बीडवरून गेवराई. आत्या डबा मांडीवर घेऊन सरळ समोर बघत बसली होती. मी दोनदा सुरुवात केली, "आत्या, माझा हेतू..." तिने दोन्ही वेळा खिडकीकडे मान फिरवली. बीडच्या पुढे कंडक्टरने विचारलं, "मावशी, डब्यात काय हाय?"

"बरफ."

"गेवराईला कशाला बरफ?"

"ह्या मास्तरचं डोकं ठेवायचंय," ती म्हणाली. कंडक्टरने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि डब्याकडे पाहिलं. बहुधा मावेल असा अंदाज घेतला.

गेवराईहून एका जीपने आम्ही उसाच्या फडाजवळ पोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते. तोडलेल्या उसाच्या मोकळ्या रानात खोप्यांची रांग होती. बंडूच्या खोपीपुढे त्याची आई बसली होती आणि आत लुगड्याच्या झोळीत ईश्वरी निजली होती. गाढ निजली होती. मी खोपीच्या तोंडाशीच थांबलो.

आत्याने म्हातारीला राम राम घातला नाही, पाकिटांचं विचारलं नाही. सरळ आत गेली, झोळीत हात घातला, पोरीला उचललं. पापणी वर करून बघितली, हनुवटीखाली बोट धरून मान बघितली. पोरीने डोळे उघडले, परक्या बाईचं तोंड पाहिलं आणि भोकाड पसरलं. असं की बाजूच्या खोपीतली कुत्री भुंकायला लागली.

"रडतंय," आत्या म्हणाली. "जोरात रडतंय. चांगलं हाय. रड बाई, रड."

मग ती खाली बसली आणि म्हातारीला विचारलं, "मास्तरनं पाकिटं दिली हुती, त्यातलं काय पाजलं का हिला?"

"न्हाई."

"येक घास बी न्हाई?"

"सून पाजाया निघाली हुती. म्याच काढून घेतली," म्हातारी म्हणाली. "मास्तरनी दिल्यात म्हनल्यावर मला भ्याव वाटलं. आमच्या बंडूला ह्या मास्तरनं तीन वरसं इज्ञान शिकवलं. काय उजेड पडला ते म्या रोज बघते."

आयुष्यात माझ्या शिकवण्याचा कुणाला प्रत्यक्ष उपयोग झाल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण.

म्हातारीने पत्र्याच्या पेटीतून पाकिटं काढली. तीनच निघाली. त्यातलं एक फुगून टम्म झालेलं, फुलक्यासारखं. आत्याने ते माझ्या हातावर ठेवलं. मी ते हातात धरून उभा राहिलो.

चौथं बंडूने खाल्लं होतं, परवाच, ट्रॅक्टरमध्ये, भूक लागली म्हणून. त्याला फडातून बोलावलं. तो कोयता खांद्यावर टाकून आला, अश्विनीही मागोमाग आली. आत्याने त्याला उजेडाकडे तोंड करून उभं केलं.

"घोट गिळताना अडकतोय का?"

"न्हाई."

"डोळ्याला दोन-दोन दिसतंय का? मास्तरकडं बग. किती मास्तर हायत?"

बंडूने माझ्याकडे नीट पाहिलं. "येकच. बास हाय तेवढा."

पाकीट फ्रिजमधून काढल्यावर थोड्याच वेळात खाल्लेलं, म्हणून बहुतेक काही होणार नाही, असं आत्या म्हणाली. पण आठ दिवसांत डोळ्याला, गिळायला काही झालं तर पळत दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला काय सांगायचं, ते तिने त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग मी पुढे झालो आणि अश्विनीला म्हणालो, "चूक माझी आहे. मला अर्धंच माहीत होतं आणि मी पूर्ण सांगितलं." हे वाक्य मी येताना बसमध्ये तयार केलं होतं.

अश्विनी पोरीला छातीशी धरून उभी होती. हळूच म्हणाली, "सर, तुमी चांगल्यासाठीच दिलं. पर आता हिला घालू काय? हितं फ्रिज कुठं हाय?"

आत्याने पदर खोचला.

"मूगडाळ हाय का? तांदूळ?"

होते. तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, अश्विनीलाही धुवायला लावले. तीन दगडांची चूल होती, त्यात उसाचं वाळकं पाचट सारलं आणि जाळ केला. मूठभर डाळ-तांदूळ धुऊन, भरपूर पाणी घालून रटरट शिजवले. मी तेवढ्यात न राहवून म्हणालो, "आत्या, तुम्ही आणि जाळ?"

"फ्रिज न्हाई तिथं जाळच पायजे," ती फुंकता फुंकता म्हणाली. "माजं जाळाशी भांडन न्हाई मास्तर. सीताफळाचं हाय." मग अश्विनीकडे वळून म्हणाली, "ताजं शिजवायचं. मऊ घोटायचं, वरून तेल न्हाईतर तूप चमचाभर. शिजवल्यावर दोन तासाच्या आत संपवायचं. उरलं तर तू खा, पर तिच्यासाठी झाकून ठेवू नको. केळं मिळालं तर जागच्या जागी सोलून कुस्करायचं. आन् अंगावरचं दूध चालूच ठेव."

तिने वाटीत खिचडी घोटली, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघितला आणि वाटी अश्विनीपुढे धरली. अश्विनीचे हात उसाच्या पात्यांनी चिरलेले होते, बोटांना चिंध्या बांधलेल्या. ती म्हणाली, "आत्या, तुमीच भरवा की."

आत्या थांबली. म्हणजे खरंच थांबली, वाटी धरलेला हात हवेतच राहिला. मग तिने मांडी नीट घातली, पोरीला मांडीवर घेतलं आणि बोटाच्या टोकावर कणभर घास घेऊन तिच्या ओठाला लावला. पोरीने तोंड वाकडं केलं, अर्धा घास बाहेर काढला, विचार केला आणि तोंड उघडलं. मग वाटी संपेपर्यंत उघडतच राहिली. फडात मोळ्या बांधायचा आवाज येत होता, मुकादम कुणाला तरी हाक मारत होता, आणि आत्या घास घेत होती, भरवत होती. मी घड्याळ बघितलं, एसटीची वेळ सांगितली. तिला ऐकू आलं नाही.

निघताना तिने तिन्ही पाकिटं बर्फात ठेवली, मॅडमना तपासायला द्यायला. अश्विनीने तिच्या पायावर ईश्वरीला घातलं.

गेवराईच्या स्टँडवर बीडची गाडी उशिरा होती. बाकावर बसल्यावर मी शेवटी म्हटलंच, "आत्या, चुकलो."

"हूं," ती म्हणाली. मग आपणहून बोलली. "तीस वरसं बाळाचं खानं केलं मास्तर. हजारानं पाकिटं केली. येक बी कुन्या बाळानं खाल्लं न्हाई. फोडायची, तपासायची, फेकायची. कामच तसं हुतं ते."

मी डब्याचं झाकण नीट बसवलं.

"आन् गावात कोन देतंय? लगीन झालं, तीन वरसात लेकरू झालं न्हाई म्हनून सोडली मला. आमच्यासारखीच्या हातनं लेकराला घास भरवत न्हाईत लोक. सांगत कुनी न्हाई. वाटी आपली दुसरीकडं जाती."

माझ्या नातवाच्या उष्टावणाला ती आली होती. खीर किती तापली ते बघून गेली होती आणि तिच्या पाठीमागे आम्ही हसलो होतो. वाटी कुणाकुणाकडे फिरली ते मी आठवून बघितलं. तिच्याकडे गेली नव्हती.

गाडी लागली. आत्याने डबा मांडीवर घेतला. स्टँड मागे पडल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली, "घास गिळताना लेकराच्या गळ्यात घुटकन वाजतं. लई बारीक. मांडीवर असलं तरच ऐकू येतं. मला ठावं नव्हतं."

मला दोन मुलं झाली, एक नातू आहे. तो आवाज मी कधी ऐकला होता का, हे बीड येईपर्यंत मला काही केल्या आठवेना.